सुतार पक्षी: कुठे कुठले, किती प्रकारचे आणि ओळखायचे कसे? नेहमी येणारे प्रश्न

पक्षी बघायला सुरुवात केलेली मंडळी पहिल्या वर्षातच सुतार पक्ष्यापाशी येऊन अडकतात, कारण सुरुवातीला वाटतं की एकच पक्षी आहे आणि मग कळतं की कोकणातला वेगळा, देशावरचा वेगळा, मेळघाटातला वेगळा, आणि हिमालयात गेलं तर सगळंच वेगळं. जे प्रश्न सारखे सारखे येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिलीत. नावं जिथे मराठीत सगळ्यांना माहिती आहेत तिथे मराठी, नाहीतर पक्षी बघणारे बोलताना जे वापरतात तेच.

सुतार पक्षी म्हणजे एकच पक्षी ना? तो सोनेरी पाठीचा, लाल तुऱ्याचा?

नाही, तो त्यातला एक. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा म्हणून तोच डोळ्यासमोर येतो. सुतार पक्ष्यांचं अख्खं कुळ आहे, पिसिडी नावाचं, आणि त्यात जगभर मिळून साधारण 240 जाती आहेत. आकारातला फरकच केवढा आहे बघा, दक्षिण अमेरिकेतले काही पिक्युलेट, म्हणजे इवले सुतार, जेमतेम 8 ते 10 सेंटिमीटरचे, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान, आणि आपल्या तराईतल्या, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या, साल जंगलात राहणारा ग्रेट स्लेटी वुडपेकर अर्ध्या मीटरचा. सध्या जगात जिवंत असलेल्या सुतारांमध्ये तोच सगळ्यात मोठा मानतात आणि तो बघायला अ‍ॅमेझॉनला जायला लागत नाही, उत्तराखंडात कॉर्बेटच्या आसपास दिसतो, तेही एकटा नाही, चार-पाच जणांच्या टोळीने.

जगात कुठे जास्त आहेत?

दक्षिण अमेरिका आणि आग्नेय आशिया. गरम, ओलं, जुनं जंगल जिथे आहे तिथे. मलेशिया, बोर्निओकडच्या सखल जंगलात एकाच जागी डझनभराहून जास्त जाती नांदतात. त्या मानाने युरोप गरीब, आणि ब्रिटनमध्ये तर घरटी करणारे फक्त तीन: ग्रेट स्पॉटेड, लेसर स्पॉटेड आणि ग्रीन. आयर्लंडमध्ये तर आत्ता 2000 नंतर कुठे ग्रेट स्पॉटेडने बस्तान बसवलं.

आणि कुठे अजिबात नाहीत?

ऑस्ट्रेलिया, न्यूगिनी, न्यूझीलंड, मादागास्कर आणि अंटार्क्टिका. ऑस्ट्रेलियात राहणारे मराठी लोक नेहमी विचारतात की इथे एवढी झाडं असून सुतार का दिसत नाही. कारण समुद्र. सुतार पक्षी लांबचा समुद्र ओलांडण्यात फार कच्चे. आशियाकडून इंडोनेशियाच्या बेटांवरून पूर्वेला जाता जाता ते सुलावेसीपर्यंत पोचले, तिथे त्यांच्या दोन खास जाती आहेत ज्या दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि पुढे बस्स, संपलं. निकोबारमध्येही नाहीत पण अंदमानात आहेत, आणि त्यातला काळा मोठा अंदमान वुडपेकर फक्त अंदमानचाच.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे जिथे सुतार नाही तिथे त्याची जागा रिकामी राहिली नाही. लाकडाच्या आत गुबगुबीत अळ्या आहेत म्हटल्यावर कोणीतरी ते काम शिकतंच. मादागास्करमध्ये आय-आय नावाचा माकडांच्या लांबच्या नात्यातला प्राणी आहे, तो बोटाने फांदीवर टकटक करून पोकळ जागा ऐकतो, दाताने लाकूड कुरतडतो आणि काडीसारखं लांब बोट आत घालून अळी बाहेर काढतो. न्यूगिनीत हेच काम पट्टेवाला पोसम नावाचा पोटाला पिशवी असलेला प्राणी करतो, त्याचंही एक बोट लांब असतं. ऑस्ट्रेलियात काळे काकाकुवा चोचीने लाकूड फोडून अळ्या काढतात. न्यूझीलंडमध्ये हुईया नावाचा पक्षी होता, नराची चोच आखूड आणि दणकट, मादीची लांब आणि वाकडी, 1907 नंतर तो खात्रीने कोणी बघितला नाही.

भारतात किती जाती आहेत?

तीसच्या वर. पण सगळीकडे सारख्या वाटलेल्या नाहीत. सगळ्यात श्रीमंत पट्टा म्हणजे पूर्व हिमालय आणि ईशान्य भारत, तिथे डोंगर चढत गेलात की दर काही हजार फुटांवर सुतार बदलतो. खाली तराईत ग्रेट स्लेटी आणि वेगवेगळे फ्लेमबॅक, म्हणजे सोनेरी पाठीचे सुतार, मधे बांबूच्या बेटात पेल-हेडेड वुडपेकर आणि इवलासा व्हाइट-ब्राउड पिक्युलेट, वर ओक आणि बुरांशच्या (रोडोडेंड्रॉनच्या) जंगलात दार्जिलिंग वुडपेकर. पश्चिम हिमालयात गेलात तर स्केली-बेलीड, ब्राउन-फ्रंटेड, हिमालयन वुडपेकर. रूफस-बेलीड म्हणून एक आहे तो झाडाच्या सालीला ओळीने बारीक बारीक भोकं पाडतो आणि त्यातून पाझरणारा रस पितो, असंच काम उत्तर अमेरिकेतले सॅपसकर करतात.

दुसऱ्या टोकाला राजस्थान-कच्छचा कोरडा भाग, तिथे मोजून दोन-तीन जाती, पण ज्या आहेत त्या चिवट, बाभूळ आणि खेजडीवरसुद्धा (म्हणजे शमीवर) संसार करणाऱ्या.

आणि आपल्या महाराष्ट्रात, गोव्यात?

इथे जरा सविस्तर सांगतो कारण हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर बदलतं.

देशावर, म्हणजे पुणे, नगर, सोलापूर, मराठवाडा, जिथे पाऊस कमी आणि बाभळी, कडुनिंब, आंब्याची तुरळक झाडं, तिथे दोनच नावं लक्षात ठेवा. एक सोनपाठी सुतार, इंग्रजीत ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक, आणि दुसरा मराठा सुतार, इंग्रजीत यलो-क्राउन्ड वुडपेकर. हा दुसरा बुलबुलापेक्षा किंचित लहान, अंगावर काळे-पांढरे ठिपके, डोकं पिवळसर, नराला मागच्या बाजूला लाल पट्टा, पोटावर मधोमध एक लालसर डाग. लेथम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने 1801 मध्ये याला शास्त्रीय नाव दिलं त्यात मराठ्यांच्या मुलखाचं नाव आहे, पण हा पक्षी पाकिस्तानपासून म्यानमारच्या पलीकडे पार व्हिएतनामपर्यंत आहे. आवाज फार करत नाही म्हणून लोकांच्या नजरेतून सुटतो. बाभळीच्या वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला बघायची सवय लावा, तिथे सापडेल. हिवाळ्यात माळरानावर आणि झुडपांत एक पाहुणा पण येतो, युरेशियन रायनेक, तोही याच कुळातला, पण झाड कोरत नाही, शेपटी मऊ, जमिनीवर मुंग्या खात फिरतो आणि रंग असा की साल आणि पाचोळ्यात बसला तर दिसतच नाही. घरट्यात कोणी हात घातला तर मान वळवळून सापासारखा फुत्कार टाकतो.

विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात, मेळघाट, पेंच, ताडोबा, नागझिरा, तिथे सागाच्या जंगलात व्हाइट-नेप्ड वुडपेकर शोधा. मान आणि पाठीचा वरचा भाग पांढराशुभ्र, मोठी चोच. हा फक्त आपल्या उपखंडातला पक्षी आहे आणि सगळीकडे विरळच. सागावर आणि ऐनावर बुटका सुतार म्हणजे ब्राउन-कॅप्ड पिग्मी पण दिसेल, 13 सेंटिमीटरचा, करंगळीएवढ्या फांद्यांवर.

सह्याद्रीत आणि कोकण-गोव्यात मात्र चंगळ आहे. कर्नाळा, भीमाशंकर, कोयना, राधानगरी, आंबोली, तिलारी, पुढे गोव्यात मोले, बोंडला, कोटीगाव. जसजसं दक्षिणेला जाल तसतशी यादी वाढते कारण पाऊस जास्त दिवस टिकतो आणि जंगल सदाहरित होत जातं. इथे रूफस वुडपेकर आहे, सगळा विटकरी रंगाचा. लेसर यलोनेप आहे, हिरवट अंगाचा आणि मानेमागे पिवळा तुरा. स्ट्रीक-थ्रोटेड आहे, तो बराच वेळ जमिनीवर मुंग्या शोधतो. हार्ट-स्पॉटेड आहे, त्याच्यावर खाली वेगळं लिहितो. स्पेकल्ड पिक्युलेट आहे, 10 सेंटिमीटरचा ठिपकेदार गोळा. आणि तिलारी-आंबोली-गोव्याच्या जंगलात नशीब जोरावर असेल तर व्हाइट-बेलीड वुडपेकर, जवळजवळ कावळ्याएवढा, काळाकुट्ट, पोट पांढरं, डोक्यावर लालभडक तुरा. त्याचा आवाज दरीच्या पलीकडून ऐकू येतो.

हार्ट-स्पॉटेडचं एवढं कौतुक का?

कारण तो दुसऱ्या कुठल्याच सुतारासारखा दिसत नाही. 16 सेंटिमीटरचा, डोकं मोठं, तुरा टोकदार, मान बारीक आणि शेपटी इतकी आखूड की उडताना शेपटी तुटलीये की काय असं वाटतं. पांढरट पंखांवर काळे हृदयाच्या आकाराचे ठिपके. नराचं कपाळ काळं आणि मादीचं पांढरं, बहुतेक सुतारांमध्ये नराच्या डोक्यावर लाल असतं, इथे दोघांच्याही डोक्यावर लाल नाहीच. जोडीने किंवा लहान थव्याने झाडाच्या शेंड्याकडच्या बारीक फांद्यांवर फिरतो आणि सारखा बोलत असतो, त्यामुळे आवाज ओळखायला शिकलात की शोधणं सोपं. कर्नाळ्यासारख्या मुंबईपासून जवळच्या ठिकाणीही मिळतो. घरट्याचं तोंड इतकं लहान करतो की मोठा पक्षी आत घुसूच शकत नाही.

सोनेरी पाठीचे सगळे सारखेच दिसतात, वेगळे कसे करायचे?

हा खरा डोकेदुखीचा प्रश्न. आपल्याकडे सोनेरी पाठीचे चार आहेत आणि फोटो बघून लोक हमखास चुकीचं नाव लिहितात. पाठीकडे बघायचंच नाही, पाठ सगळ्यांची सोनेरी. आधी कंबर बघा, म्हणजे शेपटीच्या वरचा भाग, पंख उघडताना दिसतो. मग चेहरा. मग मान.

कंबर काळी आणि गळा काळा, त्यावर पांढरे ठिपके, गालावर मिशीसारखी रेघ नाही, तर तो सोनपाठी, आपला रोजचा.

कंबर काळी पण मान आणि खांद्यांच्या मधला भाग पांढरा, तर व्हाइट-नेप्ड. याच्या मादीचं डोकं पिवळं असतं, त्यामुळे मादी ओळखणं अगदी सोपं.

कंबर लाल, गालावर मिशीची रेघ दुहेरी, म्हणजे दोन काळ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये पांढरं, चोच लांब आणि डोळा फिकट, तर ग्रेटर फ्लेमबॅक. सह्याद्रीतल्याला आता बरेच जण मलबार फ्लेमबॅक म्हणून वेगळी जात धरतात, त्यामुळे जुन्या आणि नव्या पुस्तकात नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका.

कंबर लाल पण मिशीची रेघ एकच जाड, डोळा गडद, आणि पायाला चारऐवजी तीनच बोटं, तर कॉमन फ्लेमबॅक. नाव कॉमन असलं तरी आपल्याकडे तो दक्षिण सह्याद्रीतच, गोव्यापासून खाली जास्त. बोटं दिसायला फोटो चांगला लागतो, पण मिशीवरून काम होतं.

नर-मादी ओळखायला डोकं बघा. सोनपाठीत नराचं डोकं पुढून मागपर्यंत लाल, मादीचं पुढचं अर्ध काळं आणि त्यावर पांढरे ठिपके, मागे लाल तुरा.

आमच्या अंगणात गवतावर केशरी रंगाचा, पंख काळे-पांढरे, डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला आहे, तो कुठला सुतार?

तो सुतार नाहीच, तो हुदहुद. लांब वाकडी चोच मातीत खुपसून किडे काढतो म्हणून लोकांना वाटतं सुतार. शाळेच्या तक्त्यांवरही कधी कधी त्याच्या चित्राखाली सुतार लिहिलेलं असतं, मुलांना नीट सांगा.

आणि तांबट?

तांबट आणि कुटुर्गा सुताराचे लांबचे नातेवाईक. तेही झाडात ढोली कोरतात, पण मऊ, वाळक्या फांदीत, आणि खातात मुख्यतः फळं, वड-पिंपळ-उंबराची. उन्हाळ्यात दुपारी जे टुक टुक टुक चालू असतं ते तांबटाच्या गळ्यातून येतं, चोच आपटून नाही.

एकाच जंगलात सहा-सात जाती, मग भांडणं होत नाहीत का?

होतात, ढोलीवरून जोरात होतात. पण खाण्यावरून कमी, कारण प्रत्येकाने झाडाचा वेगळा भाग धरलाय. हे एकदा नीट कळलं की जंगलात एका जागी उभं राहून सुतार शोधणं फार सोपं होतं म्हणून सांगतो. एखादं जुनं मोठं झाड घ्या. मोठं खोड आणि जाड फांद्या, तिथे फ्लेमबॅक आणि व्हाइट-बेलीड, ते साल उपटून काढतात, खोल ठोकतात. मधल्या फांद्यांवर मराठा सुतार किंवा यलोनेप. शेंड्याच्या बारीक काटक्या, तिथे बुटका सुतार, पिक्युलेट आणि हार्ट-स्पॉटेड, जिथे मोठ्याचं वजनच पेलणार नाही. खाली जमिनीवर आणि वारुळावर स्ट्रीक-थ्रोटेड.

रूफसचं तर सगळंच निराळं. झाडावर क्रिमॅटोगॅस्टर जातीच्या मुंग्या कागदासारख्या लगद्याची तपकिरी गोळा घरटी बांधतात, हा त्या मुंग्या खातो आणि त्याच घरट्यात भोक पाडून स्वतःची अंडी पण घालतो! ज्या मुंग्या बाकी सगळ्यांना चावून हैराण करतात त्या अंड्यांना आणि पिल्लांना काही करत नाहीत. रूफस जवळून बघायला मिळाला तर डोक्याची आणि शेपटीची पिसं बघा, त्यांवर कधी कधी मेलेल्या मुंग्यांची मुंडकी चिकटलेली दिसतात.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा फुलला की सगळे नियम थोडे दिवस बाजूला, सुतारसुद्धा मध प्यायला फुलांवर येतात.

झाडं नसतील तिथे सुतार राहू शकतो?

राहतो. दक्षिण आफ्रिकेत ग्राउंड वुडपेकर आहे, उघड्या खडकाळ डोंगरावर राहतो, मुंग्या खातो आणि मातीच्या दरडीत बीळ करून घरटं करतो. अँडीज पर्वतात झाडांच्या रेषेच्या वर अँडियन फ्लिकर, तोही तसाच. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात गिला वुडपेकर सग्वारो नावाच्या उंच निवडुंगात ढोली करतो, आणि निवडुंग आतून त्या जखमेभोवती कडक कवच तयार करतो. कॅलिफोर्नियात एकॉर्न वुडपेकरचं एकत्र कुटुंब असतं, ते एकाच झाडाला हजारो भोकं पाडून प्रत्येकात ओकचं एकेक फळ ठोकून बसवतात, हिवाळ्याची बेगमी म्हणून, आणि फळ वाळून सैल झालं की काढून लहान भोकात बसवतात.

दिवसभर डोकं आपटून मेंदूला इजा कशी होत नाही?

वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की कवटी स्पंजसारखी असते आणि धक्का शोषते. 2022 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी तीन जातींचे हायस्पीड व्हिडिओ मोजून दाखवलं की तसं काही होत नाही, डोकं एखाद्या ताठ हातोड्यासारखंच चालतं, आणि ते बरोबरच आहे, कारण धक्का शोषला तर लाकूड फुटणार कसं. मेंदू वाचतो तो मुख्यतः लहान असल्यामुळे, आपल्या मेंदूला जो धक्का झेपणार नाही तो त्याला झेपतो. बाकी शरीर कामाला साजेसं आहेच, शेपटीची पिसं ताठ, टेकू लावायला, दोन बोटं पुढे दोन मागे, आणि जीभ इतकी लांब की तिचा हाडाचा आधार कवटीच्या मागून वळसा घालून कपाळापर्यंत येतो.

आमच्या नारळाला भोकं पाडतोय, झाड मरेल का?

कोकणातून हा प्रश्न सतत येतो. आधी झाडाचा शेंडा आणि खोड तपासा. सुतार जिथे ठोकतोय तिथे आत बहुतेक वेळा काहीतरी आहे, गेंड्या भुंगा, सोंड्या भुंगा, आंबा-काजूत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. सोंड्या भुंग्याची अळी नारळ आतून पोखरते आणि बाहेरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो, खोडातून तपकिरी रस गळतोय किंवा भुसा पडतोय असं दिसलं तर लगेच कृषी विभागाचा सल्ला घ्या. ढोली करायला सुद्धा तो शक्यतो मेलेलं किंवा किडलेलं झाड निवडतो. पक्ष्याला मारणं, घरटं काढणं हा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हा आहे, आणि मारून किडा काही जाणार नाही.

अमेरिकेत राहतो, पहाटे सुतार घराच्या धुराड्याच्या पत्र्यावर मशीनगनसारखा आवाज करतो, काय करू?

ते खाणं शोधणं नाही, ती हाक आहे. सेकंदाला दहा-वीस ठोके, मग थांबणं, परत तेच, हा आपली हद्द सांगण्याचा आणि मादीला बोलवण्याचा प्रकार, आणि पत्र्याचा आवाज लांब जातो म्हणून त्याला पत्रा आवडतो. वसंत संपला की बहुतेक वेळा बंद होतं. तोपर्यंत त्या जागेवर कापड गुंडाळा म्हणजे आवाजच येणार नाही. पण घराच्या लाकडी भिंतीला खोल भोकं पाडत असेल तर आत किडे आहेत का ते तपासून घ्या.

कुठल्या जाती संपल्यात किंवा संपत आल्यात?

अमेरिकेतला आयव्हरी-बिल्ड, लुईझियानात 1944 मध्ये सगळ्यांना मान्य असलेली शेवटची नोंद. मेक्सिकोचा इम्पीरियल, हा सगळ्या सुतारांत मोठा होता, 1956 मध्ये त्याचं चित्रीकरण झालं आणि त्यानंतर पक्की नोंद नाही. दोघांचंही कारण एकच, जुनी प्रचंड झाडं तोडली गेली, शिवाय शिकार. स्वीडन आणि फिनलंडमध्ये व्हाइट-बॅक्ड वुडपेकर घटला कारण जंगलं राहिली पण त्यातलं मेलेलं लाकूड साफ केलं गेलं. उलट उदाहरण पण आहे, अमेरिकेतला रेड-कॉकेडेड वुडपेकर, याला जिवंत जुन्या पाइनमध्येच ढोली लागते आणि ती कोरायला काही वेळा वर्षं लागतात. 1989 मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने दक्षिण कॅरोलायनातली त्यांची झाडं उपटून टाकली, तेव्हा लोकांनी उरलेल्या झाडांत कृत्रिम ढोल्या बसवल्या आणि पक्षी त्यात राहिले. 2024 मध्ये त्याला एक पायरी कमी धोक्याच्या यादीत टाकलं.

आपल्याकडचं मला सगळ्यात खटकतं ते हे की जंगलात किंवा बागेत वाळकं झाड दिसलं की ते ‘वाया गेलेलं’ समजतात. व्हाइट-बेलीडला मोठं, जाड, मेलेलं खोड लागतंच. आणि सुतार बहुतेक दरवर्षी नवी ढोली करतो, जुनी सोडून देतो, त्या जुन्या ढोलीत मग पोपट, दयाळ, मैना, पिंगळा राहतात. एक सुतार गेला की त्याच्या मागे ही सगळी मंडळी बेघर होतात.

बघायला कधी जायचं?

डिसेंबर ते एप्रिल. पानगळ झालेली असते, फांद्या उघड्या असतात, आणि फेब्रुवारीपासून घरट्यांची गडबड सुरू झाल्यामुळे आवाज वाढतो. सकाळी ऊन पडल्यावर पहिले दोन-अडीच तास. उडण्याची पद्धत लक्षात ठेवा, चार-पाच वेळा पंख मारून मग पंख मिटून झोकांडी, परत वर, परत खाली. ढोली सापडली तर लांबून बघा, आणि मोबाईलवर आवाज वाजवून बोलवू नका, पिल्लांना भरवायचं सोडून तो परक्या नराला शोधत बसतो.

सोसायटीत घरटं लावलं तर येईल का?

लाकडी पेटी लावलीत तर दयाळ किंवा मैना येईल, सुतार शक्यतो स्वतःचीच ढोली कोरतो. त्याच्यासाठी करायचं असेल तर वाळलेलं झाड पूर्ण तोडू नका. महापालिकेच्या हद्दीत झाड तोडायला 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच, वाळलेल्यालाही, तर अर्ज करतानाच लिहा की धोकादायक फांद्या तेवढ्या उतरवायच्या आहेत आणि खोड बारा-पंधरा फुटांवर ठेवायचंय. रस्त्याच्या आणि पार्किंगच्या बाजूला असेल तर माळी किंवा झाडांचा जाणकार आणून मुळं पक्की आहेत का ते आधी बघून घ्या. मागच्या कंपाउंडजवळचं खोड असेल तर उत्तम.